विळ्याची वेळ



स्मृतिव्याख्यानासाठी राष्ट्र, धर्म, साहित्य किंवा इतिहास यांपैकी एखादा विस्तीर्ण विषय निवडावा, असा आपल्याकडे जुना संकेत आहे. त्या संकेताविषयी पूर्ण आदर बाळगूनही मी आज आपल्यापुढे गवताच्या कापणीचा विषय घेऊन उभा आहे, कारण महाराष्ट्र, माळवा आणि सौराष्ट्र येथील ज्या गवताळ भूमीवर काळवीट, लांडगा, माळढोक आणि तणमोर यांचे जीवित अवलंबून आहे, त्या भूमीचे भवितव्य पुष्कळ अंशी विळ्याच्या हाती आहे, अशी माझी दीर्घ विचाराअंती बनलेली धारणा आहे.

वन्य जीवांविषयी ज्यांना कळवळा आहे त्यांची साधारण समजूत अशी असते की जागेभोवती कुंपण घालावे, गुरे बाहेर काढावीत, विळाकोयता बंद करावा, म्हणजे निसर्ग आपले आपण पाहून घेईल. घनदाट अरण्याच्या बाबतीत ही समजूत बऱ्याच अंशी खरी ठरते. माळाच्या बाबतीत ती घातक ठरू शकते. दुसऱ्या बाजूला मुलकी खात्याची दृष्टी आहे. ज्या जमिनीवर पीक नाही आणि सागही नाही, ती त्या दृष्टीला रिकामीच दिसते, आणि रिकाम्या जमिनीचे काही तरी करावयाचे म्हणून तीवर कधी झाडे लावली जातात, कधी कारखाना येतो, तर कधी ती कोणाच्या तरी वहिवाटीत शिरते. या दोन्ही दृष्टींना गवत हे गवत म्हणून दिसतच नाही, आणि म्हणून ते केव्हा, किती आणि कोणी कापावे हा प्रश्नही त्यांच्यापुढे उभा राहत नाही.

गवताची वाढ कशी होते एवढे एकदा ध्यानी घेतले म्हणजे पुढचे विवेचन सुलभ होईल. झाडाची वाढ शेंड्यातून होते, पण गवताचा वाढीचा कोंब पोटरी धरेपर्यंत जमिनीलगत, बुडख्यात दडलेला असतो. म्हणून पाते हरणाने खाल्ले, गुराने ओरबाडले किंवा विळ्याने कापले तरी बुडख्यातून नवे फुटवे येतात. मारवेल, पवन्या, डोंगरी यांसारखी बहुवर्षायु गवते चरणाऱ्या कळपांच्या सहवासातच युगानुयुगे वाढली, आणि वर्षातून एकदा वरचा भार उतरणे त्यांच्या प्रकृतीला मानवते. तो भार कोणीच उतरवला नाही, तर गतवर्षीची वाळली काडी उभीच राहते, तिच्यात यंदाच्या काडीची भर पडते, बुडख्याशी ऊन पोहोचत नाही, फुटवे खुरटतात, आणि काही वर्षांत ठोंब आतून मरू लागतो. मधल्या उघड्या जागेत मग बोर, बाभूळ, घाणेरी आणि अमेरिका खंडातून आणलेली वेडी बाभूळ शिरते. पाऊस अगदी तुटपुंजा असेल तेथे ही क्रिया मंद असते, बऱ्या पावसाच्या मुलखात ती वेगाने होते; पण तिची दिशा एकच. पूर्वी काळविटांचे आणि नीलगाईंचे मोठमोठे कळप हा भार उतरवीत असत. ते कळप आता उरले नाहीत, आणि त्यांच्या दातांचे काम करावयास आज गुरांचे दात आणि माणसाचा विळा एवढी दोनच साधने शिल्लक आहेत. गुरे बारा महिने चरली तर फुटव्याला उसंत मिळत नाही. पावसाळाभर गवत राखून ते पुढे कापून नेणे, ही त्या दोहोंतील अधिक संयमाची रीत होय.

या रीतीचे मला माहीत असलेले उत्कृष्ट उदाहरण सौराष्ट्रातील वीडींचे आहे. तेथील संस्थानिकांनी आपल्या अश्वशाळांसाठी, गोधनासाठी, दुष्काळातील बेगमीसाठी आणि अर्थात शिकारीसाठी गवताची राने राखली होती, त्यांस वीडी म्हणत. पावसाळ्यात तेथे चराईला मज्जाव असे. गवत पिकले, त्याचे बी जमिनीवर झडले, की कापणी होऊन गंजी रचल्या जात. संस्थाने विलीन झाल्यावर यांतील काही वीडी गुजरातच्या वनखात्याकडे आल्या आणि तेथील गवत टंचाईच्या वर्षासाठी गुदामांत साठवले जाऊ लागले. काही गावांकडे, मालधारी पशुपालकांकडे व गोशाळांकडे गेल्या. या सर्व व्यवस्थेत पाखरांचा विचार क्वचितच कोणी केला असेल, परंतु तिचे वेळापत्रक एका पाखराच्या आयुष्याशी इतके तंतोतंत जुळले की ते पाखरू त्या वीडींच्याच आधाराने टिकून राहिले.

ते पाखरू म्हणजे तणमोर. माळव्यात त्याला खरमोर म्हणतात. आकाराने कोंबडीएवढा, माळढोकाच्याच कुळातला हा पक्षी पहिल्या पावसामागोमाग पश्चिम भारतातील गवताळ रानांत येतो. नराला त्या दिवसांत काळाभोर पिसारा येतो, डोक्यामागे लांब वळलेली तुऱ्याची पिसे फुटतात, आणि उंच गवतात झाकलेला हा नर मादीला दिसावे म्हणून सरळ वर माणसाच्या उंचीइतकी उडी घेतो, पंख फडफडवीत बेडकाच्या डरावण्यासारखा आवाज काढतो आणि पुन्हा गवतात नाहीसा होतो. दिवसाकाठी शेकडो वेळा हा क्रम चालतो. मादी तीन-चार अंडी जमिनीवरच घालते आणि सुमारे तीन आठवडे एकटी उबवते. उभे गवत हेच तिचे घर आणि हेच तिचे संरक्षण. आषाढापासून भाद्रपदापर्यंतचा हा सारा संसार आटोपून पिले उडती झाली, की मग वीडीत विळा पडत असे. भावनगरच्या राजघराण्यातील पक्षिशास्त्रज्ञ धर्मकुमारसिंहजी यांनी 1940 नंतरच्या दशकात या पक्ष्यांच्या पायांत कडी घालून त्यांचा अभ्यास केला. त्यांच्या लेखनातून त्या वेळच्या वीडींतील तणमोरांच्या समृद्धीचे जे चित्र उभे राहते, ते वाचताना आजच्या वाचकाचे मन विषण्ण होते. 1983 मध्ये रतलाम जिल्ह्यातील सैलाना येथे याच पक्ष्यासाठी अभयारण्य स्थापन झाले. तरीही ऱ्हास थांबला नाही. वीडी नांगराखाली गेल्या, अतिक्रमणात गेल्या, बारमाही चराईत गेल्या. 2017 मधील देशव्यापी पाहणीनंतर उरलेल्या नरांची गणना शेकड्यांतच करावी लागेल हे स्पष्ट झाले, आणि 2021 मध्ये त्याची नोंद जागतिक सूचीत अतिसंकटग्रस्त जाती म्हणून झाली. अजमेर भागात तर आता पुष्कळसे तणमोर मुगाच्या, उडदाच्या आणि ज्वारीच्या शेतांत विणीसाठी उतरतात. म्हणजे त्यांचे नशीब आता गवताच्या कापणीऐवजी पिकाच्या काढणीला बांधले गेले आहे.

येथे एक अडचण आहे, आणि ती टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. गवत फुलोऱ्यावर येते त्या सुमारास त्यातील सत्त्व चांगले असते. बी झडून काडी पिवळी पडली की गुरांना तिच्यातून मिळणारे पोषण झपाट्याने उतरते. त्यातून ज्या माळावर कुसळी अधिक, तेथे तिची कुसळे तयार होण्यापूर्वीच कापणी उरकावी असे गुराख्याला वाटते, कारण पक्व कुसळ गुरांच्या तोंडात आणि मेंढ्यांच्या कातड्यात रुतते. म्हणजे दुभत्या जनावराच्या धन्याचे हित भाद्रपदातल्या कापणीत आहे, आणि गवतात बसलेल्या मादीचे हित आश्विनाच्या मध्यापर्यंत थांबण्यात आहे. या तीन-चार आठवड्यांच्या अंतरात पक्ष्यांच्या एका पिढीचे जगणे-मरणे ठरते. ज्याला थांबावयास सांगावयाचे त्याचे नुकसान खरे असते, ते पैशांत मोजता येते, आणि ज्या समाजाला पाखरू हवे आहे त्या समाजाने ते भरून दिले पाहिजे. केवळ उपदेशाने कोणाच्याही गोठ्यातील दूध वाढत नाही.

ही अडचण आपल्याच देशापुरती आहे असे नाही. ब्रिटनमध्ये कॉर्नक्रेक नावाचा एक पक्षी आहे. आफ्रिकेतून उन्हाळ्यात येऊन तो गवताच्या कुरणांत जमिनीवर घरटे करतो. विळ्याने आणि लांब दांड्याच्या कोयत्याने कापणी होत होती तोवर ती हळूहळू आणि उशिरापर्यंत चाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घोड्यांनी ओढावयाची कापणीयंत्रे आली, कापणी लवकर आणि एका दमात होऊ लागली, आणि हा पक्षी आग्नेय इंग्लंडपासून मागे हटत हटत अखेरीस स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील बेटांवर जाऊन राहिला. पुढे वाळल्या गवताऐवजी हिरवा चारा कापून मुरवण्याची पद्धत रूढ झाली, तेव्हा कापणी आणखी अलीकडे आली. तेथील अभ्यासकांना असे आढळले की पिलांच्या नाशाला तारखेइतकीच कापणीची दिशा कारण होते. यंत्र शेताच्या कडेने फिरत फिरत आत येते. पिले उघड्यावर यावयास भितात म्हणून उरलेल्या गवतात सरकत जातात, आणि शेवटचा मधला पट्टा कापला जातो तेव्हा ती सर्वच्या सर्व त्यात सापडतात. यावर उपाय निघाला तो इतका साधा की त्याला खर्च जवळजवळ नाहीच: कापणी मधून सुरू करून बाहेर न्यावयाची, म्हणजे पिलांना गवताच्या आडोशानेच बांधाकडे पळता येते. 1993 मध्ये ब्रिटनमध्ये साद घालणाऱ्या नरांची संख्या पाचशेच्याही खाली होती. कापणी लांबवणाऱ्या शेतकऱ्यांस मोबदला आणि मधून बाहेर कापण्याची रीत, या दोन गोष्टी नेटाने राबवल्यावर 2014 पर्यंत ती बाराशेच्या वर गेली. त्यानंतर ती पुन्हा घटली हेही सांगितले पाहिजे, कारण अशा कामात एकदा मिळवलेले यश पुढच्या वर्षी नव्याने मिळवावे लागते.

आता कापणी आणि चराई सर्वस्वी बंद केल्याने काय होते, त्याचे उदाहरण भरतपूरचे. केवलादेव घना हे सुमारे 29 चौरस किलोमीटरचे पाणथळ रान. तेथे आसपासच्या गावांच्या म्हशी पिढ्यानपिढ्या चरत आणि लोक गवत कापून नेत. राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषणा झाल्यावर 1982 च्या नोव्हेंबरात गुरांना बंदी झाली, ग्रामस्थांनी प्रतिकार केला, पोलिसांचा गोळीबार झाला आणि माणसे मेली. बंदीच्या पाठीशी त्या काळचे थोर पक्षिशास्त्रीय मत उभे होते. परंतु मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने डॉ. विजयन यांच्या नेतृत्वाखाली तेथे जो दीर्घकालीन अभ्यास केला, त्याचा निष्कर्ष असा निघाला की म्हशी गेल्यावर पाणगवत बेसुमार माजले, उघडे पाणी झाकले गेले, आणि अनेक पाणपक्ष्यांना त्याचा अपाय झाला. पुढे उद्यानाच्या व्यवस्थेने गावकऱ्यांना गवत कापून नेण्याची मुभा दिली. ज्या संस्थेच्या धुरीणांनी बंदीचा पुरस्कार केला होता, त्याच संस्थेने बंदीचे दुष्परिणाम निःसंकोचपणे मांडले, ही आपल्या देशाच्या विज्ञानव्यवहारातील अत्यंत आदरणीय गोष्ट आहे. पण ज्यांच्या घरची माणसे गेली त्यांच्याविषयी या प्रकरणातील शास्त्रीय चर्चेत फार थोडे लिहिले गेले, याचा खेदही मला येथे नोंदवावासा वाटतो.

भरतपूरचा दाखला देऊन कोणी म्हणेल, मग सगळेच गवत दरसाल कापून न्यावे. तसेही नव्हे. भावनगरजवळच्या वेळावदरच्या उद्यानात, जे पूर्वी महाराजांची वीडीच होते, हिवाळ्यात मध्य आशियाकडून भोवत्या जातीचे शिकारी पक्षी मोठ्या संख्येने येतात. दिवसभर आसपासच्या शेतांवर टोळ आणि नाकतोडे टिपावेत, आणि सांजवेळी शेकड्यांनी एकत्र जमून रात्र उभ्या गवतात जमिनीवर काढावी, हा त्यांचा परिपाठ. कार्तिकात सारे गवत कापले गेले तर त्यांना उतरावयास जागा उरत नाही. माळढोकाची गरज तर त्याहून गुंतागुंतीची आहे: नराला नाचण्यासाठी आखूड गवताचा उंचवटा लागतो, मादीला अंड्यासाठी गुडघाभर उंचीचे गवत लागते, आणि दोघांनाही चरावयास पडीक रान आणि कोरडवाहू शेते लागतात. वर्षाला बहुधा एकच अंडे घालणाऱ्या या पक्ष्याला एकाच माळावर या सर्व अवस्था शेजारी शेजारी मिळाल्या पाहिजेत. त्या मिळण्याचा मार्ग म्हणजे माळाचे तुकडे पाडून आळीपाळीने कापणी करणे: एक भाग यंदा कापलेला, एक गतवर्षी कापलेला, एक उभा.

महाराष्ट्राला हे सारे परके नाही. मराठेशाहीत घोडदळाच्या वैरणीसाठी सरकारी कुरणे राखली जात, आणि गावोगावची गायराने हा त्याच व्यवस्थेचा ग्रामीण भाग होता. पुढे कंपनी सरकारच्या अमदानीत, 1836 च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांची जमाबंदीची पाहणी सुरू झाली, सारा हलका झाला, आणि दख्खनच्या पठारावर जास्तीत जास्त जमीन लागवडीखाली आणणे हे राज्यकारभाराचे सर्वमान्य उद्दिष्ट बनले. माळ नांगरला गेला. जो उरला त्याला दफ्तरात किंमत उरली नाही. 1979 मध्ये सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत माळढोक अभयारण्य जाहीर झाले, तेव्हा कागदावर त्याचे क्षेत्र सुमारे 8,496 चौरस किलोमीटर होते. त्यात गावे होती, शेते होती, बाजारपेठा होत्या, आणि जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध आल्यामुळे शेतकऱ्यांच्या मनात माळढोकाविषयी अढी बसली ती बसलीच. खऱ्या माळाचे तुकडे त्या विशाल क्षेत्राचा अगदी अल्प अंश होते, आणि त्यांतल्याही काहींवर झाडे लावण्याचा उत्साह दाखवला गेला. झाड लावणे हे पुण्यकर्म आहे हा आपला संस्कार इतका खोल आहे की माळावर लावलेले झाड माळढोकाला हुसकावते, ही गोष्ट आपल्या मनाला पटतच नाही. या अभयारण्यातील नान्नजला आज माळढोकाचे दर्शन दुर्मीळ झाले आहे. उसाचे पाणी, विजेच्या तारा, मोकाट कुत्री अशी त्याची इतरही कारणे आहेत, आणि नुसत्या योग्य कापणीने तो परत येईल असे आश्वासन मी देणार नाही. पण काळवीट आहे, खोकड आहे, लांडगा आहे, धाविक आणि पखुर्डी आहे, आणि विदर्भात अकोला-वाशीमकडे पावसाळ्यात क्वचित तणमोरही येतो. तेथे पूर्वी शिकारीवर जगणाऱ्या फासेपारधी समाजातील माणसे आज गवताची राने राखण्याचे काम करीत आहेत.

आता कापणाऱ्या हातांविषयी. त्या वेळच्या ठाणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील डोंगरउतारांवरचे गवत पूर्वी मुंबईच्या तबेल्यांकडे गाठी बांधून जाई. ते कापत वारली लोक, आणि त्यांना मजुरी मिळे ती कापलेल्या गवताच्या वजनावर. 1945 च्या पावसाळ्यानंतर त्यांनी पाचशे रतल गवताला अडीच रुपये असा दर मागितला व काम थांबवले. ऑक्टोबरात तलवाडा येथे जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला आणि पाच माणसे ठार झाली. गोदावरी परुळेकर यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या ग्रंथामुळे हा लढा मराठी वाचकाला परिचित आहे. मी त्याचा उल्लेख येथे करतो तो केवळ इतिहास म्हणून नव्हे. जो मजूर वजनावर पोट भरतो त्याला घाई करावीच लागते. समोरच्या ठोंबात लाव्याचे घरटे दिसले म्हणून चार हात गवत सोडून पुढे जाणे त्याला परवडत नाही, आणि ते त्याने करावे अशी अपेक्षा धरण्याचा अधिकार, त्याच्या मजुरीची रीत ज्यांनी ठरवली, त्यांना नाही. विळा धरून वाकलेल्या माणसाची दृष्टी जमिनीपासून हात-दोन हातांवर असते. घरटे दिसण्याची शक्यता यंत्रापेक्षा त्याच्या बाबतीत कितीतरी अधिक. ही दृष्टी पाखरांच्या कामी यावी असे वाटत असेल, तर मजुरी रोजाने दिली पाहिजे, आणि टाळलेल्या गवताचा भुर्दंड त्याच्यावर पडता कामा नये.

आपल्याकडे गायरानाच्या आणि सरकारी कुरणाच्या गवताचा जेथे लिलाव होतो, तेथे त्याच्या अटींत रकमेचा, मुदतीचा आणि अनामतीचा तपशील असतो. त्याच कागदावर आणखी चार ओळी लिहिता येतील. कोजागरीपूर्वी विळा घालू नये. कापणी मधून बाहेर न्यावी. जमिनीपासून चार-पाच बोटे बुडखा राखावा. आणि दर वर्षी निराळा असा एकतृतीयांश भाग होळीपर्यंत उभा ठेवून त्याभोवती जाळरेषा काढावी, म्हणजे वणवा आला तरी तो तेथे पोहोचू नये. वेड्या बाभळीची आणि घाणेरीची रोपे कापणीच्याच वेळी मुळासकट उपटून घ्यावीत, कारण नुसती छाटली तर ती दुप्पट जोमाने फुटतात. या अटींमुळे लिलावाची बोली कमी येईल हे उघड आहे. ती तूट ग्रामपंचायतीच्या तिजोरीवर टाकणे अन्यायाचे आहे; वनखात्याने व जिल्हा परिषदेने ती दरसाल भरून द्यावी, आणि रोजंदारीतून जो अधिक खर्च येईल तोही त्याच खात्यावर घालावा. आपल्यापैकी ज्यांची गावे माळाच्या मुलखात आहेत त्यांना माझी विनंती आहे की यंदाच्या लिलावाची नोटीस निघण्यापूर्वी, म्हणजे श्रावणातच, ग्रामसभेत हा विषय मांडावा, आणि कुरणात कोणते पाखरू कोठे बसते हे ज्यांना ठाऊक आहे त्या गुराख्यांना आणि गवत कापणाऱ्या बायकांना त्या सभेत प्रथम बोलू द्यावे.